अंगठ्याचा जोर

दादाने आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या. गाण्याबजावण्याचं म्हणाल तर पालथ्या घड्यावर पाणी. "माझ्या कानाला दोनच सूर कळतात," तो म्हणायचा, "मोटर ठीक आहे, आणि मोटर जळायला लागली." त्याचा धाकटा भाऊ मात्र नाचाच्या शाळेत पोरांच्या वर्गाला कीबोर्ड वाजवायचा आणि त्यांच्या नाचांना चाली बांधायचा. लग्न केलं नव्हतं, एका खोलीत एकटाच राहायचा. दादाने त्याचं वाजवणं कधी धड बसून ऐकलं नव्हतं. वेळ मिळत नाही, असं सांगायचा. खरं म्हणजे ऐकून झाल्यावर काय बोलायचं, हेच त्याला सुचत नसे.

मग धाकट्याच्या हातून कप निसटायला लागले. शर्टाची बटणं लागेनात. डॉक्टरांनी सांगितलं, स्नायू हलवणाऱ्या नसा मरत चालल्यात, यावर औषध नाही. आधी हात जातील, मग पाय, मग श्वास. दादा दवाखान्यातून तडक त्याच्या खोलीवर गेला, कपडे पिशवीत कोंबले आणि म्हणाला, "चल घरी." दादाच्या बायकोने शिवणाचं मशीन स्वयंपाकघरात सरकवलं आणि ती खोली दिराला दिली.

जुन्या कीबोर्डच्या कळा आता धाकट्याला जड जायच्या. त्याने एक छोटा मिडी कंट्रोलर मागवला. मोजक्या हलक्या कळा, शेजारी बोटाने ठोकायचे रबरी चौकोन, वर फिरवायच्या खुंट्या. दादाने खोका उघडला, वायर जोडली, दोन-चार कळा दाबल्या. आवाज शून्य.

"बिघडलेलंच पाठवलंय मेल्यांनी!"

धाकटा कितीतरी दिवसांनी हसला. "दादा, तो स्वतः वाजत नाही रे. तो नुसता निरोप देतो. कुठली कळ, किती जोरात, किती वेळ. आवाज काढायचा तो कॉम्प्युटरने."

"म्हणजे लिफ्टचं बटण," दादा म्हणाला. "बटण थोडंच माणसाला वर नेतं!"

पण घोडं तिथेच अडलं. संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोलरचं नावच दिसेना. धाकटा खुर्चीतून सांगायचा, दादा चष्मा कपाळावर चढवून भलतंच काहीतरी दाबायचा. शेवटी वायर मधल्या यूएसबी हबमधून काढून थेट कॉम्प्युटरला लावली, सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडलं, तेव्हा नाव आलं. नावापुढच्या चौकटीत खूण केल्यावर आवाजही आला, पण रेंगाळत. कळ आत्ता दाबावी आणि सूर सावकाश चपला घालून निघावा, तसा. धाकट्याने बफरचा, म्हणजे आवाज किती साठवून मग सोडायचा त्याचा, आकडा कमी करायला लावला. आवाज पटकन यायला लागला, पण तडतडत. मग आकडा जरासा वाढवला, आणि जमलं.

खुंट्या जोडणं दादाला आवडलं. पडद्यावरच्या चकतीवर क्लिक करायचं, हातातली खुंटी जराशी फिरवायची, की दोघांची गाठ पडली. पुढे ते त्याचंच काम झालं. धाकट्याची बोटं फाकेनाशी झाली, तेव्हा दादाने कळांवरचे सूर रबरी चौकोनांवर आणले. डावा हात गेला, तेव्हा सगळे सूर उजव्या हाताखालच्या चौकोनांवर घेतले. खुंट्या फिरेनात, तेव्हा त्या सोडवून टाकल्या. प्रत्येक वेळी नवी जोडणी जपून ठेवायची आणि जुनीला हात लावायचा नाही, असं धाकट्याने बजावलं होतं. दादाला ते जमायचं.

शेवटी उजवा अंगठा उरला. त्या अंगठ्याखाली धाकटा एक चाल बांधत होता, एकेक सूर करत. पण आवाज दिवसेंदिवस पातळ होत चालला होता. शेजारच्या खोलीत ऐकू येईना. दादाच्याने ते बघवेना. सॉफ्टवेअर आणि कंट्रोलरच्या सेटिंगची सगळी पानं त्याने धुंडाळली आणि त्याला हवं ते सापडलं. एक खूण केली की चौकोन कितीही हलका दाबा, प्रत्येक सूर सारख्याच भरदार आवाजात निघणार. कुणाला न विचारता त्याने ती खूण केली.

दुसऱ्या दिवशी धाकट्याने अंगठा टेकवला आणि खोली भरून गेली.

"अगं बाई!" वहिनी स्वयंपाकघरातून ओरडली. "आज हाताला काय छान जोर आलाय भाऊजींच्या!"

धाकटा थांबला. अंगठ्याकडे बघत राहिला. पुन्हा टेकवला. पुन्हा तोच आवाज.

"दादा, काय केलंस?"

"कुठे काय?"

"मी एवढ्या जोराने नाही दाबलं." आता त्याची जीभही जड झाली होती, शब्द सावकाश यायचे. "डॉक्टर गोड बोलतात. वहिनी गोड बोलते. तू तर बोलतच नाहीस. माझा हात किती उरलाय, ते मला या एकाच ठिकाणी खरं समजतं. यालाही खोटं बोलायला शिकवलंस?"

दादाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लिफ्टमध्ये वजन जास्त झालं की घंटा वाजते. ती घंटा बंद करून द्या म्हणून लोक त्याच्या मागे लागत, आणि तो उभ्या आयुष्यात कुणाला बधला नव्हता. त्याने मुकाट्याने खूण काढली. धाकट्याने अंगठा टेकवला. सूर उमटला, जेमतेम.

"हा माझा," धाकटा म्हणाला.

तेव्हापासून दादा खुर्ची स्पीकरला चिकटवून बसायला लागला. ऐकून झाल्यावर काय बोलायचं, हे अजूनही सुचत नसे. पण आता बसायचा.

चाल पुरी झाली, त्यानंतर थोड्याच दिवसांत अंगठाही गेला. डोळ्यांच्या हालचालीवर चालणारं एक यंत्र मिळतं, असं दादाने कुठूनसं ऐकून आणलं. धाकट्याने मानेनेच नाही म्हटलं. मग कंट्रोलरकडे नजर टाकून पुटपुटला, "तू दाब. हळू."

दादाने पान्यांनी घट्टे पडलेलं बोट ठेवलं. सूर धाडकन निघाला.

"हळू."

दादाने श्वास रोखून पुन्हा दाबलं. तरी मोठाच. कितीदा करून पाहिलं, पण धाकट्याच्या त्या शेवटच्या सुरांइतका हलका सूर त्याला काढता येईना. धाकट्याच्या डोळ्यांत हसू होतं. दादा हसला नाही.

धाकटा दवाखान्यातच वारला, श्वासाची नळी लावलेली असताना. दादा तेव्हा त्याचे पाय चोळत होता. ते गार पडलेत, हे त्याच्या लवकर ध्यानात आलं नाही.

पुढे नाचाच्या शाळेतल्या बाई घरी आल्या. त्यांना ती चाल मुलांच्या कार्यक्रमाला हवी होती. दादाने ती कॉम्प्युटरवरून जशीच्या तशी त्यांना दिली. कार्यक्रमाच्या दिवशी दादा आणि वहिनी पुढच्या रांगेत बसले. चाल सुरू झाली, आणि मागून कुणीतरी ओरडलं, "ऐकू येत नाही!" आवाजाच्या टेबलावरच्या माणसाने आवाज वाढवला. आणखी वाढवला. सगळा हॉल त्या सुरांनी दणाणून गेला.

दादा उठला. त्या माणसाकडे जाऊन कमी कर म्हणून सांगणार होता. तेवढ्यात त्याचं लक्ष मंचावर गेलं. लहान लहान पोरं ओठांतल्या ओठांत ठेका मोजत, त्या आवाजावर पावलं टाकत होती. एक मुलगी चुकली होती, सूर ऐकून पुन्हा रांगेत आली. दादा खाली बसला.

घरी परतताना वहिनी डोळे पुसत म्हणाली, "छान झालं ना हो?"

"फार मोठ्याने वाजवलं."

"मग? पोरांना ऐकू यायला नको?"

दादाने वहिनीच्या हातातली पिशवी घेतली आणि तिच्या बरोबरीने चालत राहिला.