दामूअण्णांचा दीड फुटाचा नमुना

लाइन-दुरुस्तीच्या एकाच गँगमध्ये वीस वर्षं काढली की किस्से जमवावे लागत नाहीत. टॉवरवर कावळ्यांची घरटी होतात तसे ते आपोआप होतात. बोईसर-तारापूरच्या आमच्या हाय-टेन्शन लाइनवरचे हे त्यातले थोडे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी टॉवरच्या माथ्यावरून ऑप्टिकल फायबर केबल आली. आत केसासारखे काचेचे धागे. "यातून उजेड धावतो," असं मी लाइनीखालच्या पाम गावच्या एका आजोबांना समजावलं. ते म्हणाले, "धावू द्या. आमच्या घरात कदी थांबनार?"

*

वर केबलला धोका नव्हता. पण जोड द्यायला ती टॉवरच्या पायाशी, पेटीपर्यंत खाली यायची, आणि तिथं चोर ती तांब्यासाठी कापायचे. आत तांबं नसायचंच!

दोनदा कापल्यावर मोठे साहेब आमच्या फोरमनना, दामूअण्णांना म्हणाले, "आणखी एकदा कापली, तर तुमची बदली चंद्रपूरला!"

अण्णा कोळीवाड्यातले. रिटायरमेंटला दोन वर्षं उरलेली. त्यांनी एवढंच विचारलं, "साहेब, तिकडं ताजं म्हावरं मिळतं काय?" आम्ही कोणी हसलो नाही. वाईट वाटलं.

*

मी गँगचा इंजिनियर, म्हणजे अण्णांचा छोटा साहेब. मी पत्र्याचा बोर्ड लावला: 'या केबलमध्ये तांबे नाही.'

दुसऱ्या दिवशी अण्णांचा फोन. "साहेब, केबल हाय. बोर्ड नाय."

*

"चोर वाचून ऐकनार नाय," अण्णा म्हणाले. "बाजारात बाई कल्ला उघडून बघते, मंगच मासळी घेते. चोराला पन बघू द्या."

त्यांनी कापलेल्या केबलचा दीड फूट तुकडा पेटीशेजारी, हाताला येईल असा टांगला. महिन्याभरात तुकडा इंचभर कमी! केबल मात्र शाबूत. पुढच्या महिन्यात आणखी एक इंच. जो येईल तो स्वतः कापून खात्री करायचा आणि रिकाम्या हाती जायचा. अण्णा खिशातल्या डायरीत लिहायचे, 'एक इंच. अज्ञात चोर.'

*

वर्षभरानं मोठे साहेब तपासणीला आले. केबल कापलेली दिसली तर द्यायला बदलीचा कागद टाईप करून बॅगेत तयार. तुकडा सहा इंच उरला होता. अण्णांनी सगळी हकिकत सांगितली.

साहेबांनी तुकडा फिरवून बघितला. "आत तांबं नाहीच म्हणता?"

"नाय, साहेब."

साहेबांनी अण्णांच्या पट्ट्यातला कटर उपसला, खाटकन इंचभर तुकडा कापला आणि आत डोकावून बघितलं.

"खरंच नाही हो!" म्हणाले, आणि बदलीचा कागद तिथंच फाडला.

अण्णांनी शांतपणे डायरी काढली. "साहेब, नाव लिवू, का नेमीसारखं 'अज्ञात चोर'?"