जबाबातली लाज

शेजारच्या सुनीतासोबत काल मी पोलीस चौकीत गेले होते. ती काम करते त्या दुकानाच्या मालकाने तिला गोदामात मागून धरलं होतं. हवालदारबाईंनी जबाब टाइप केला आणि वाचून दाखवला, "…माझ्या मनास लज्जा उत्पन्न होईल असे कृत्य केले."

"मला लाज नाही वाटली. राग आला," सुनीता म्हणाली.

"अगं, विनयभंगाच्या कलमात असंच लिहावं लागतं. नाहीतर केस ढिली पडते."

म्हणजे गुन्हा त्याने करायचा आणि तो मोजायचा हिच्या लाजेनं. ही लाजलीच नाही, तर त्याने काहीच केलं नाही का?

सुनीताने सही केली. पेन खाली न ठेवता तिनं विचारलं, "आणि त्याची लाज कुठं लिहायची?"

हवालदारबाई बराच वेळ टाचणी शोधत राहिल्या.