मुकादमाला कोण 'आपण' म्हणतं?

शब्द तपासणाऱ्या यंत्रांशी माझं पहिल्यापासून वाकडं आहे आणि ते सरळ करायची मला अजिबात इच्छा नाही. त्याला कारण उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधलं एक छपाईचं दुकान.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. बदलापूरच्या आमच्या बुद्धविहारातलं महिला मंडळ जयंतीला स्मरणिका काढणार होतं आणि तिच्यात माझी कथा येणार होती. आयुष्यातली पहिली छापील कथा. ती आईची होती. मी लहान असताना आई अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्यात पेट्या भरायची. एकदा मुकादमाने तिला गेटवर अडवलं, त्याची ही गोष्ट. बाकीचं सगळं माझ्या भाषेत, पण आईचं बोलणं आईच्याच तोंडचं, वांगणीकडच्या गावात ती जसं बोलत वाढली तसं.

दुकानाचे मालक सिंधी होते, वयाने माझ्या वडिलांएवढे. लग्नपत्रिका छापून छापून त्यांचा मराठी टायपिंगवर हात बसला होता. नुकतंच त्यांनी मराठी तपासणारं सॉफ्टवेअर आणलं होतं आणि नवी स्कूटर घेतल्यासारखं ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत. यंत्राला जो शब्द पटणार नाही त्याच्याखाली लाल रेघ. माझी प्रुफं हातात देताना स्वारी खुशीत होती. आईच्या बोलण्याखाली सगळं लालच लाल आलं होतं म्हणे. त्यांनी एकेक करून सगळं साफ केलं होतं, आणि जिथे यंत्राला काही सुचलं नाही तिथे स्वतःचं डोकं चालवलं होतं.

मी उभ्या उभ्या वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. आईच्या जागी कुणी भलतीच बाई येऊन बसली होती. सगळं होतं तसं करा, म्हटलं. ते चिडले नाहीत. मशीन गलत नाही बोलत मॅडम, म्हणाले. शिवाय शेवटच्या पानावर दुकानाचं नाव छापलं जातं, लोक म्हणतील यांना मराठी येत नाही. उद्या विचार करून या. मी प्रुफं उचलली आणि तणतणत घरी आले.

आईला सही येत होती, वाचता येत नव्हतं. वाचून दाखवलं की तीही माझ्यासारखीच भडकेल, अशी माझी खात्री. ती तांदूळ निवडत ऐकत होती. पहिलं पान संपलं तरी तिचं निवडणं चालूच. मग म्हणाली, ही बाई बेस बोलते, राहू दे असंच.

मी चाट पडले. बोलीचं मोल वगैरे तिला समजावायला लागले, तेव्हा तिने सूप खाली ठेवलं.

"तू शिकलीस, म्हनून तुला माज्या बोलीचं कवतिक. दवाखान्यात, बँकेत लोक हसले ते मला. तुला नाय."

  यंत्रावरचा राग आता कुठे ठेवावा तेच कळेना. तिने पुढे वाच म्हटलं म्हणून वाचत गेले. गेटचा प्रसंग आला. मी तापाने फणफणले होते म्हणून तिचे दोन खाडे पडले होते आणि मुकादम म्हणाला होता, उद्यापासून येऊ नकोस. त्यावर दुकानातून सुधारून आलेली आई म्हणत होती, 'आपली मुलगी आजारी पडली असती, तर आपण काय केले असते?'

आईने झटकन मान वर केली.

"आपन? मुकादमाला?"

ती हसत सुटली. पदराने डोळे पुसले, पुन्हा हसली. मग चेहरा एकदम कडक झाला. असं बोलले असते तर त्याने मला आत घेतलं असतं का, असं तिने विचारलं. मी काय बोलले ते वाच, म्हणाली.

मी माझ्या वहीतलं वाचलं. "तुजी पोर तापली तं तिला काडेपेटीत कोंबून येशील का रं कामाला?" माझ्याबरोबर तिचेही ओठ हलत होते. त्या सकाळी हे ऐकून रांगेतल्या बाया तिला सोडून आत जायला जागच्या हलल्या नव्हत्या आणि मुकादमाला तिला आत घ्यावंच लागलं होतं. ती नोकरी टिकली म्हणून मी शिकले.

हे असंच छाप, ती म्हणाली. मी जरा घाबरतच विचारलं, बाकीचं शुद्ध ठेवू का? तिने सूप परत मांडीवर घेतलं.

"गेटावर अशी बोलली ती घरात तशी कशी बोलंल? बाई येकच हाय ना. सगलं परत घाल."

दुसऱ्या दिवशी मालकांच्या खुर्चीशेजारी उभी राहून मी एकेक शब्द परत घालून घेतला. पडदा पुन्हा लाल झाला. मालकांनी मान हलवली. ठीक आहे, पण दुकानाच्या नावाचा सवाल आहे, कथेच्या शेवटी एक ओळ टाकावी लागेल: 'भाषेतील चुकांची जबाबदारी लेखिकेची आहे.' चालेल?

"चालेल. जाड टाइपात टाका."

त्यांनी टाकली. आईच्या एकूण एक वाक्याखाली लाल रेघ होती. तिला चूक ठरवणाऱ्या त्या ओळीखाली मात्र एकही नव्हती. मी ती नीट वाचली आणि म्हटलं, छापा.