वर्तक गुरुजींचा आयरिश लेखक

पुस्तकं कमी आणि किस्से जास्त, अशी आमच्या रेवदंड्याच्या वाचनालयाची गत. पुस्तकं लोक नेतात तरी. किस्से एकदा आले की इथंच मुक्काम ठोकतात. त्यातले बरेचसे वर्तक गुरुजींच्या आयरिश लेखकाचे.

स्वातंत्र्य येऊन चार-पाच वर्षं झाली असतील. मी वाचनालयाचा कारकून. गुरुजींनी एका आयरिश लेखकाचं जाडजूड इंग्रजी चरित्र मागवलं, आणि वाचणारे ते एकटेच! पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या, कोळी मंडळी आमच्या पडवीत जाळी दुरुस्त करत बसायची. गुरुजी दुपारी त्यांना ते मराठीत सांगू लागले. बाहेर खाडी धुरकट, आत त्यांचा मऊ आवाज. निम्मं मी पेंगतच ऐकलं, पण तेच जास्त आठवतं.

पहिल्याच दिवशी गोमा तांडेलानं विचारलं, "त्याच्या गावाला मासा कंचा?"

"हेरिंग."

"चवीला कसा?"

"ते पुस्तकात नाही."

"मंग अर्धंच लिवलंय," गोमा म्हणाला.

*

लेखक घर सोडून जहाजावर चढला, परमुलखात माळ्यावर राहून लिहू लागला. प्रकाशक वही परत पाठवायचे. गोमाला ते बघवेना. रोज आल्याआल्या विचारायचा, "आज कायी गावलं का त्याला?"

पुस्तक छापलं गेलं त्या दुपारी पडवीत नारळ फुटला. अहो, हे छापून चाळीस वर्षं झाली, असं मी सांगून पाहिलं.

"आमाला आज कललं," म्हणत गोमानं माझ्या हातावर खोबरं ठेवलं.

*

एकदा तो लेखक गोमाच्या स्वप्नात आला. खाडीपलीकडून आलेल्या तरीतून उतरला, बूट हातात, चिखलातून चालत.

"कायी बोलला?" कुणीतरी विचारलं.

"न्हाय. नुसता आपल्या होड्या बघत व्हता."

दोन दिवस जो तो खाडीकडे बघत होता. मीही बघितलं, खोटं कशाला बोलू.

*

कोपऱ्यात पारूआय बसायची. तिचा एकुलता एक मुलगा कान्हा मोठ्या बोटीवर नोकरीला गेलेला, तीन वर्षं पत्र नाही. तिचा रोजचा एकच प्रश्न, "त्यो आयकडं परत गेला का?"

"अजून तिथवर आलो नाही," गुरुजी म्हणायचे.

शेवटचं प्रकरण मी गुपचूप वाचलं होतं. तो गेलाच नाही. आई वाट बघत वारली. गुरुजी आठवडाभर घसा बसल्याचं सांगत राहिले. मला त्यांची फार कीव आली.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी त्यांनी पुस्तक उघडलं आणि पानाकडे न बघता म्हणाले, "गेला. आई धक्क्यावर उभीच होती." त्यांना खोटं बोलताना मी तेवढंच एकदा पाहिलं.

पारूआय त्यांच्याकडे बघत राहिली. मग हसली. "बरं झालं," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सुके बोंबील घेऊन आली. पुडकं गुरुजींच्या टेबलावर ठेवलं.

"त्याच्या आयला पाठवा, गुरुजी. एकलीसाठी रांधायचा लय कंटाला येतो."