थांबली की थरथरणारी गाडी

गल्लीच्या टोकाला मिस्त्रींचं गॅरेज आणि वरच्या दोन खोल्यांत घर. मुलगा गेला त्याला वर्ष होत आलं होतं. साध्या तापाचं निमित्त झालं आणि होत्याचं नव्हतं झालं. मागे राहिली सून, लहानगी नात आणि त्याची गाडी. आता सुनेला लांबच्या शहरात नोकरी लागली होती आणि गाडी ती सोबत नेणार होती. पण इतके महिने उभी राहिल्यावर गाडीनं रंग दाखवले. पळताना ठीक, सिग्नलला थांबली की हीव भरल्यासारखी थरथरायची आणि बंद पडायची.

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, आवाज ऐकला, तेव्हाच ओळखलं. इंजिनात हवा जाते त्या वाटेत काजळी बसली होती. अर्ध्या दिवसाचं काम. सुनेला मात्र त्यांनी सांगितलं की पार्ट मागवावा लागेल. मग तो पार्ट काही येईना. कधी दुकान बंद, कधी भलताच आलेला. गिऱ्हाइकांच्या गाड्या येऊन दुरुस्त होऊन गेल्या, घरचीच तेवढी कोपऱ्यात अडून राहिली. नात तिच्यात बसून बस चालवायची आणि एकुलते एक प्रवासी म्हणून आजोबांना मागे बसवायची.

एका दुपारी बायको चहा घेऊन खाली आली.

"पार्टचं मला नका सांगू," ती म्हणाली. "नोकरी काय तुमच्यासाठी थांबणार आहे?"

"त्या दोघी गेल्या की घर खायला उठेल गं."

"ते केव्हाच उठलंय. तिला तरी त्यातून सुटू द्या."

चहा तसाच निवला. मिस्त्रींनी एअर फिल्टर काढला, नळीची पकड सैल केली आणि हवेची वाट उघडणारा-मिटणारा थ्रॉटल बाहेर घेतला. आतली वाटोळी झडप तव्याच्या बुडासारखी काळी झाली होती. ओरखडा उठू नये म्हणून ब्रश न लावता ते स्प्रे मारून मऊ फडक्यानं पुसत राहिले. हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या केसाएवढ्या तारांना हात न लावता नुसता फवारा दिला. सगळं वाळू दिलं, जोडलं, चावी फिरवली. इंजिन दोनदा अडखळलं आणि मग एका लयीत चालू लागलं.

आवाज ऐकून सून जिना उतरून आली होती.

"झाली," मिस्त्री म्हणाले. "खरं तर आधीच झाली असती."

"माहीत होतं, बाबा. दुसऱ्या गॅरेजात मलाही नेता आली असती."

रविवारी दोघी निघाल्या. मिस्त्रींनी चाकांतली हवा पुन्हा तपासली, "जपून चालव" एवढंच म्हणाले. गाडी वळणाआड गेल्यावर बायको वर गेली. गाडी उभी असायची तिथे फरशीवर तेलाचा डाग राहिला होता. मिस्त्री तो घासायला उकिडवे बसले, आणि मुलाच्या अंत्ययात्रेलाही कोरडे राहिलेले त्यांचे डोळे तिथे, त्या डागावर, वाहू लागले.