अण्णांच्या भिंतीवरची माझी चेन

श्री. गजाननराव तुपे, म्हणजे आम्हा सर्वांचे अण्णा, यांच्या थेरगावच्या वर्कशॉपमध्ये मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ते लेथपाशी उभे होते. माझे शिक्षण नववीपर्यंत. दाखला खिशात होता, पण अण्णांनी तो मागितलाच नाही. एक शाफ्ट हातात देऊन म्हणाले, "जाडी सांग." मी तीनदा मोजली.

"तीनदा कशाला?"

"पहिल्यांदा चुकलो असेन म्हणून."

"आणि दुसऱ्यांदा?"

"तेव्हाही भीती होतीच."

अण्णा खळखळून हसले. शेजारी काम करणाऱ्या बाबूराव टर्नरना म्हणाले, "हा आपल्याला हवा होता बघा."

त्याच दिवशी मी ती भिंत पाहिली. अण्णांकडे मोडलेला भाग भंगारात जात नाही. तो तारेने भिंतीला टांगतात आणि खाली खडूने चूक करणाऱ्याचे नाव लिहितात. सर्वात जुना, मोडका ॲक्सल खुद्द अण्णांचा आहे. खडू पुसट झाला की ते स्टुलावर चढून स्वतःचे नाव पुन्हा गिरवतात. माझे नाव तिथे कधी लागू नये, म्हणून मी प्रत्येक माप तीनदा घेऊ लागलो.

पुढे अण्णांनी सहा चाकांची गाडी मनावर घेतली. चाकणकडे बटाटा काढणीच्या वेळी रान ओले असते, ट्रॉली रुतते आणि पोती पाठीवरून रस्त्यापर्यंत आणावी लागतात. त्या रानातून चालेल अशी बुटकी, रुंद गाडी त्यांना करायची होती. इंजिन रिक्षाचे, टायर जुन्या बाजारातून आणलेले, फुगीर आणि कमी हवेचे. इंजिनाची ताकद सहाही चाकांना न्यायची कशी, यावर आमच्याकडे जेवणाच्या सुट्टीत अक्षरशः भांडणे होत. बाबूराव शाफ्टच्या बाजूचे होते. अण्णांनी चेन निवडली. "सायकलमुळे शेतकऱ्याला चेन कळते," ते म्हणाले. "तुटली तर तो आपली वाट बघत बसणार नाही."

स्प्रिंगांची कल्पना मात्र माझी. सहाही चाकांना स्प्रिंग द्यावी, असा नकाशा मी काढला. अण्णांनी तो बराच वेळ पाहिला. "चेनचं आणि स्प्रिंगचं पटेल का रे?" मी आकडे दाखवले. ते म्हणाले, "ठीक आहे. खाली सही कर."

चाचणी चाकणजवळच्या निघोज्याला, बटाटा पिकवणाऱ्या शिवरामभाऊंच्या रानात होती. बारा पोती रस्त्यावर आली तर ते आणि त्यांचे शेजारी मिळून पाच गाड्या घेणार होते. नाही आली, तर हे काम कायमचे बंद करून आम्हाला पुन्हा मोठ्या कंपन्यांचे बोल्ट कापत बसावे लागणार होते. अण्णांनी हे आम्हाला आधीच सांगितले होते.

रिकामी गाडी चिखलातून अशी निघाली की बाबूरावांनी टोपी उडवली! मग पोती चढली. गाडी जेमतेम दहा पावले गेली. स्प्रिंगा दबल्या, चेन सैल पडली, चक्राच्या दातांवरून उडाली आणि कडाडून तुटली. मी चेनचे माप तीनदा घेतले होते, पण तीनही वेळा रिकाम्या गाडीवर.

शिवरामभाऊ म्हणाले, "अण्णा, आमचं बैलच बरं. त्यास्नी चेन न्हाई."

सगळे हसले. अण्णा माझ्याकडे वळले. "चेन कुणाची?"

"माझी."

"मग आता काय करायचं तेही तूच सांग."

मी खाली वाकून पाहिले आणि एकदम दिसले! स्प्रिंगा पार बसल्या होत्या, तरी टायर ढेकळावर मऊ दबून धक्का आपल्या पोटात घेत होता.

"अण्णा, स्प्रिंगा नकोतच! धक्के टायरच खातोय. ॲक्सल सरळ चासीला बांधू."

"पुन्हा म्हण!" अण्णा ओरडले आणि मी पुन्हा म्हणेपर्यंत चिखलात पाठीवर झोपून गाडीखाली शिरलेसुद्धा. पोती उतरवली. स्प्रिंगांच्या जागी बसवायला शिवरामभाऊंनी बाभळीचे ठोकळे तोडून दिले. "मधल्या चाकांना अर्धा इंच जाड ठोकळा घाल," अण्णा खालून म्हणाले. "ती जरा खाली राहिली की गाडी वळायला हलकी जाईल." तुटलेली चेन काढून सोबत आणलेली नवी चढवली. बारा पोती पुन्हा लादली. गाडी एकदाही न थांबता रस्त्याला लागली!

"व्हय, आता धरली हिनं जमीन!" शिवरामभाऊंनी पाचही गाड्या तिथेच पक्क्या केल्या.

परतीच्या वाटेवर अण्णांनी मध्येच विचारले, "मशीन ड्रॉइंगचा वर्ग लावतोस का? संध्याकाळची शिफ्ट मी बघतो." तेव्हापासून मी पिंपरीला वर्गाला जातो आणि त्या वेळात माझ्या ड्रिल मशीनवर मालक स्वतः उभे असतात.

दुसऱ्या दिवशी लवकर येऊन मी ती तुटकी चेन अण्णांच्या ॲक्सलच्या वर टांगली आणि खाली माझे नाव लिहिले. अण्णा आले, नाव वाचले आणि म्हणाले, "थोडी खाली घे. वर जागा ठेव. मला अजून पुष्कळ चुका करायच्या आहेत."

अण्णा, वरची जागा मी तीनदा मोजली आहे. ती भरायला पुष्कळ वर्षे लागतील. तेवढी तुम्हाला लाभोत आणि प्रत्येक वर्षी स्टुलावर चढण्याइतके तुमचे गुडघे बळकट राहोत. स्टूल आम्ही धरतो.