अर्थिंगबुवांच्या घरचं अर्थिंग

त्यांना सगळे अर्थिंगबुवा म्हणत. धंदा वायरमनचा, पण बोलणं प्रवचनकाराचं, आणि प्रवचनाचा विषय जन्मभर एकच. कुणी नुसता पंखा लावायला बोलावलं तरी बुवा आधी मीटरशेजारच्या डीबीचं, म्हणजे फ्यूज-स्विचच्या पेटीचं, झाकण उघडायचे, आत डोकवायचे आणि विचारायचे, अर्थिंग कुठे आहे? घरमालक हिरव्या तारेकडे बोट दाखवायचा. मग बुवा खूश. म्हणायचे, ती तार झाली हो, ती जमिनीत कुठे जाते ते विचारतोय. वीज कुठे गळालीच तर तिला जमिनीत उतरायला मोकळी वाट हवी, नाहीतर ती माणसातून वाट काढते, हे त्यांनी इतक्या घरांत सांगितलं होतं की लोक त्यांना पाहताच हसून झाकण उघडून ठेवत.

आणि अशा माणसाच्या स्वतःच्या घरात फ्रिजला हात लावला की मुंग्या येत. त्यांच्या बायकोला हे या घरात आल्यापासून ठाऊक होतं. बुवांना ते मान्य नव्हतं.

मान्य नसण्याचं कारण म्हणजे त्यांचा पार्टनर. दोघांनी उमेदवारी एका दुकानात केली, मग दुकानही एकत्र काढलं. दोघांचा एक नियम होता. आपल्या घराचं काम आपण करायचं नाही. घरच्या कामात माणूस ढिला पडतो, आज नको उद्या बघू म्हणतो. म्हणून याचं घर त्याने करायचं, त्याचं याने. आणि एकाने केलेल्या कामाला दुसऱ्याने टेस्टर लावायचा नाही. तपासायचं म्हणजे शंका घ्यायची, आणि शंकाच घ्यायची तर भागीदारी कशाला? बुवा हे गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगत. मला विचाराल तर वायरमनने असा नियम करावा यासारखा वेडेपणा नाही, पण मैत्रीत कुणाला शहाणपण सुचलंय?

पार्टनरच्या घराचं अर्थिंग बुवांनी स्वतः खड्डा खणून केलं होतं, हाताला फोड येईपर्यंत. बुवांचं घर बांधून झालं तेव्हा मात्र ते वडिलांच्या उशाशी हॉस्पिटलात अडकले होते. सगळं काम पार्टनरने एकट्याने उरकलं. राहायला आले त्या दिवशी त्याने टेस्ट लॅम्पची, म्हणजे दोन तारा सोडलेल्या बल्बची, एक तार वीज येते त्या फेजला लावली, दुसरी हिरव्या तारेला, आणि बल्ब लख्ख पेटवून दाखवला. बुवांनी सगळ्यांसमोर त्याला मिठी मारली. डोळ्यांत पाणी होतं.

पुढे बायको मुंग्यांचं सांगायला लागली तेव्हा बुवा म्हणाले, हात ओले असतील. कोरड्या हातांनाही येतात म्हटल्यावर म्हणाले, तुझ्या मनाचे खेळ. शेवटी तिने स्वयंपाकघरात रबरी चपला घालायला सुरुवात केली आणि विषय संपवला. एकदा तिने पार्टनरसमोरच गाऱ्हाणं मांडलं. तो हसून म्हणाला होता, वहिनी, अर्थिंगबुवाच्या घरात शॉक? लोक काय म्हणतील? बुवाही पोट धरून हसले. पार्टनर मात्र चहा अर्धा टाकून उठला होता, हे बुवांना फार उशिरा आठवलं.

मुलगी तान्ह्या बाळाला घेऊन माहेरी आली आणि गोष्ट चपलांच्या पलीकडे गेली. बाळ एका हातावर होतं, दुसऱ्या हाताने तिने गीझरखालचा नळ उघडला आणि झटका बसून हात मागे घेतला. बाळ निसटता निसटता राहिलं. बुवांची बायको बाथरूमच्या दारात आडवी उभी राहिली.

"आधी ते झाकण उघडा," ती म्हणाली. "तोवर माझं नातवंड या घरात अंघोळ करणार नाही."

बुवांनी तोंड वाकडं करत स्क्रू-ड्रायव्हर घेतला. मेन स्विच बंद करून झाकण काढलं आणि आत पाहून त्यांना जरा बरंच वाटलं. काय सुबक काम! सगळ्या हिरव्या तारा विंचरल्यासारख्या एका पट्टीवर आणून घट्ट आवळलेल्या. पट्टीवरून निघालेली जाड तार मागच्या भिंतीत गेलेली. बुवांनी ती सहज ओढली. ती वीतभर तार भिंतीतून निघून त्यांच्या हातात आली. दुसरं टोक कशालाच जोडलेलं नव्हतं.

मग त्यांनी टॉर्च लावून नीट पाहिलं. हिरव्या तारांच्या पट्टीपासून न्यूट्रलच्या, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेच्या, पट्टीपर्यंत मागच्या बाजूने एक आखूड काळा तुकडा जोडला होता. म्हणूनच त्या दिवशी बल्ब पेटला होता. त्याला वाट मिळाली होती न्यूट्रलची, जमिनीची नव्हे. न्यूट्रलमधली थोडी वीज त्या तुकड्यातून फ्रिज-नळापर्यंत यायची, त्याच त्या मुंग्या. आणि बाहेर खांबावर ती न्यूट्रल कधी तुटली असती, तर फ्रिज, गीझर, नळ, सगळ्यात एकदम वीज उतरली असती. असे तुकडे बुवांनी लोकांच्या घरांतून उपटून काढले होते. हे करणारा वायरमन नव्हे, खुनी आहे, असं ते गिऱ्हाइकाच्या तोंडावर म्हणत.

ते अंगणात गेले. अर्थिंगच्या चेंबरचं झाकण उचललं, भोवतीचं सिमेंट फोडलं. आतला पाइप हातभर खाली जाऊन संपला होता. खाली दगड होता.

तो काळा तुकडा खिशात घालून ते दुकानात गेले. पार्टनर काउंटरमागे वायरचं बंडल गुंडाळत होता. बुवांनी तुकडा त्याच्यासमोर ठेवला. हे काय, असं त्याने विचारलं नाही.

"दगड लागला होता," तो म्हणाला. पहार मारून मारून हात गेले, तुमचा यायचा दिवस जवळ आला होता, तू तिकडे हॉस्पिटलात. म्हटलं, आठवड्याने मशीन आणून करू. मग तू सगळ्यांदेखत मिठी मारलीस. त्यानंतर सांगणं जमलं नाही, आणि जितके दिवस गेले तितकं ते अवघड होत गेलं.

बुवांनी विचारलं, आणखी कुठे कुठे असं केलंस?

"कुठेच नाही, शप्पथ. बाकीच्यांकडे कुणी ना कुणी तपासतं. तुझ्याकडे कुणी तपासणार नव्हतं."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि कापणाऱ्याच्या तोंडावर लाजही होती, तिचा त्यांना जास्त राग आला. निघता निघता त्यांनी एवढंच विचारलं की, मी केलेलं तुझ्या घरचं अर्थिंग तरी नीट आहे ना?

"ते एकदम पक्कं आहे," पार्टनर चटकन बोलून गेला.

"तुला काय माहीत?"

पार्टनरने मान खाली घातली. "तू करून गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी अर्थिंग मोजायचं मीटर लावून बघितलं होतं. घरात लहान पोरं होती रे."

बुवांनी भिंतीवरचा आपला टेस्ट लॅम्प काढून घेतला आणि ते दुकानातून उतरले. पुन्हा ते त्या दुकानाची पायरी चढले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ड्रिलवाल्याला बोलावलं, अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात खोल भोक पाडून तांब्याची सळई उतरवली, तिथून जाड तार पट्टीवर आणली, काळ्या तुकड्याची जागा मोकळी ठेवली आणि मीटर लावून एकेक जागा तपासली. सकाळी सुरू केलेलं काम दुपारच्या चहाला संपलं. एवढंसं काम होतं, याचंच त्यांना जास्त लागलं.

त्यांनी बायकोला हाक मारली. तिने फ्रिजला आधी हाताची पालथी बाजू लावली, मग तळवा. काही नाही. बुवांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. सख्ख्या भावापेक्षा जास्त मानलं, डोळे झाकून विश्वास ठेवला, आणि त्याने असं करावं?

"त्यांनी तुम्हाला फसवलं, खरंय," ती म्हणाली. "पण त्यांचं एकदाचं सांगणं तुम्ही खरं धरलंत. माझं रोजचं नाही धरलं."

बुवा मीटरच्या तारा गुंडाळायला लागले.

ती बाळाला घेऊन बाथरूमकडे गेली. मुलीला तिने बाहेरच थांबवलं, बाळ तिच्या हातात दिलं आणि नळाला स्वतः हात लावून पाहिला. थांबून पुन्हा एकदा लावून पाहिला. मग हात पुढे करून बाळाला परत घेतलं. पायांतल्या रबरी चपला तिने काढल्या नव्हत्या.